जाळावरचा फ्रीज

सगळं एका 'नको'पासून सुरू झालं.

त्या वर्षी ज्येष्ठात धोंड्याचा महिना आला होता, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. दिपाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण समजून जेवू घालायचं, कपडे करायचे, वाण द्यायचं, हे सगळं ओघानं आलंच. आमचे जावई बालाजीराव यांचं नांदेडला फ्रीज आणि कूलरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. त्यांनी आपण होऊन फोन केला.

"मामा, रसाचे दिवस हायेत. मामीला उन्हाची तकलीफ नको. दुकानातला एक फ्रीज पाठवून देऊ का?"

कोणताही शहाणा माणूस 'पाठवा' म्हणाला असता. मी जवळा बाजारच्या बाजार समितीत कारकून आहे. (शहाणपण माझ्या टेबलावर येतं, पण सहीसाठी लगेच पुढे जातं.) मी छाती फुगवून म्हणालो, "नको, बालाजीराव! आमी लेकीच्या घरचं पानी बी पीत न्हाई, अन् फ्रीज घेऊ व्हय? तुमी फक्त या. माझ्या फ्रीजातला गार रस पाजतो तुमाला."

हे काही मी हवेत बोललो नव्हतो. आमचे वडील माझ्या बहिणीकडे जाताना फिरकीचा तांब्या भरून न्यायचे. तिला लेकरू होईपर्यंत त्यांनी तिच्या घरचा घोटसुद्धा घेतला नाही. तोच बाणा माझ्यात उतरला आहे. (तांब्या थोरल्या भावाकडे गेला.)

फोन ठेवून वळलो तर दारात शिला. शिला म्हणजे आमची मंडळी.

"कोनत्या फ्रीजातला रस?" तिनं विचारलं.

"आपल्या."

"आपल्या घरात माठ हाय अन् शिंकं हाय. ह्यातला फ्रीज कोनता?"

"आनू की!"

"अन् लाईट कुठून आनता?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. त्या साली लोडशेडिंग असं होतं की लाईट गेली असं कोणी म्हणतच नसे. आली की गल्लीभर ओरडा व्हायचा. आणि आली तरी व्होल्टेज वाटेतच कुठेतरी उतरून जायचं. बल्बकडे बघितलं की आतली तार दिसायची, उजेड दिसायचा नाही. मी फोन उचलून 'बालाजीराव, गंमत केली' असं म्हणू शकलो असतो. पण नवा जावई आणि जुना सासरा यांच्यामध्ये एकदा शब्द गेला की तो काही परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं तोंड पाहून शेजारच्या टेबलावरच्या प्रेमसिंगनं काय झालं ते काढून घेतलं. प्रेमसिंगकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक मेव्हणा आहे.

"लाईटीवरचा फ्रीज घेऊन काय करता, रामकिशनराव? धोतरं ठिवता का त्याच्यात? आमच्या खेमाकडं गॅसवर चालनारा हाय!"

हा खेमा म्हणजे त्याचा मेव्हणा. कळमनुरी रोडवर त्याचा धाबा आहे. धाबा म्हणजे एक भली मोठी, चाकं काढलेली गाडी. कोण्या परदेशी डॉक्टरांची ती फिरती गाडी होती. आत झोपायला पलंग, भांडी घासायला मोरी, आणि हा फ्रीज. डॉक्टर आपल्या देशी निघून गेले, गाडी लिलावात खेमाच्या गळ्यात पडली.

फ्रीज माझ्या कमरेइतका होता. त्याच्या खटक्याजवळ तीन चित्रं होती: एक ज्योत, एक प्लग आणि एक बॅटरी.

"ह्याच्यात मोटारच न्हाई," खेमा अभिमानानं सांगू लागला. "मागं नळीला ऊब द्याची. आतलं औषध उकळून वर चढते, फिरते, अन् आत गारवा धरते. जेवढा जाळ बराबर, तेवढं गार. लाईटीवर जरा ढिला हाय. पर गॅसवर वाघ, साहेब, वाघ! फक्त सपाट जागी ठिवा. तिरपा झाला का आडून बसते."

"वाघ हाय तर विकता काहून?"

खेमानं भज्यांच्या कढईकडे पाहिलं आणि म्हणाला, "जागा न्हाई."

त्याच्या मागे त्याची बायको रूपाबाई मातीच्या चुलीत फुंकर घालत होती आणि तिच्याशेजारी रिकामे सिलिंडर आडवे पडले होते. (हे मला तेव्हा दिसलं होतं. कळलं नंतर.)

फ्रीज घरी आला. आमच्या स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे उतरती, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे फ्रीजच्या एका पायाखाली शहाबादीचा तुकडा सारायचा, वर पाण्याची बशी ठेवायची, पाणी एका कडेला गेलं की पुन्हा तुकडा ओढायचा, असं चाललं. मी जमिनीवर आडवा, शिला बशीवर नजर ठेवून.

"सपाट झाला का?"

"तुमच्याकडं जरा झुकला."

"आता?"

"आता माझ्याकडं. आपल्या लग्नात अक्षता पडायला बी इतका वेळ लागला नव्हता."

मग लाईटीची परीक्षा. रात्रभर फ्रीज प्लगवर ठेवला, आत तांब्याभर पाणी. आवाज काहीच नाही. शिलानं दाराला कान लावला आणि म्हणाली, "जित्ता हाय का?" सकाळी तांब्या काढला. पाणी कोमट होतं. तसं पाणी मी हिवाळ्यात अंघोळीला घेतो.

"माठातलं ह्याच्यापेक्षा गार हाय," शिला म्हणाली.

"लाईट कमजोर, म्हनून ऊब कमजोर. ऊब कमजोर म्हनून गारवा कमजोर," मी खेमाचं शास्त्र सांगितलं. "आता गॅस लावतो. चांगला जाळ लागला का बघ कसं गार पडतंय."

शेजारच्या शकुंतलाबाई फ्रीज बघायला आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"भाऊजी, जाळ लावल्यानं गार व्हतं? मग आमी इतकी वर्सं चुलीम्होरं बसून घामाघूम काहून होऊन राहिलो?"

मी काडीपेटी शोधायला लागलो.

पण गॅसवर मात्र चमत्कार झाला, खोटं कशाला बोलू! मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत पेटली. सकाळी दार उघडलं आणि तोंडावर गार हवा आली. तांब्याला बाहेरून घाम फुटला होता. मी ते पाणी घटाघटा प्यायलो, दात ठणकले, डोळ्यांत पाणी आलं. बाहेर कावळा चोच वासून बसला होता आणि माझ्या घरात हिमालय होता. मी शिलाला हाक मारली. ती तेव्हा चहा ठेवायला निघाली होती आणि शेगडीची नळी मोकळी लोंबत होती.

"गॅस कुठं हाय?"

"फ्रीजला लावलाय."

"अन् चहा?"

"गार काहीतरी घेऊ."

त्या एका वाक्यानं आमच्या बावीस वर्षांच्या संसारात जे सुरू झालं, त्याला युद्ध म्हणणं कमीच. आमच्याकडे सिलिंडर एकच. दुसऱ्यासाठी नंबर लावला होता, पण नंबर लावल्यापासून सिलिंडर येईपर्यंत घरात एखादं लग्न उरकून व्हायचं. आणि तोंडं झाली दोन. शेगडी पेटवावी तर फ्रीज कोमट, फ्रीज पेटवावा तर शेगडी गार. एका घरात दोन सवती नांदाव्यात तशी त्या दोघींची गत, आणि दोघींचा नवरा एकच, लाल रंगाचा, दिवसेंदिवस हलका होत चाललेला.

तह झाला: दिवसा गॅस शेगडीला, रात्री फ्रीजला. कागदावर हा तह झकास होता. पण हा फ्रीज गार व्हायलाच अख्खी रात्र घ्यायचा आणि दुपारपर्यंत ते सगळं गमवायचा. मग मी जेवायला घरी आलो की गुपचूप रेग्युलेटर काढून फ्रीजला लावायचो. माझी पाठ वळली की शिला तो शेगडीला लावायची. मी संध्याकाळी येऊन पुन्हा फिरवायचो. एकदा ती कढईत भजी सोडून पीठ आणायला आत गेली तेवढ्यात मी हात मारला. ती परत आली तर भजी तेलात निवांत पोहत होती.

"तुमी माझ्या भज्याखालचा जाळ चोरला?"

"तात्पुरता घेतला."

"चोरच हाव तुमी! त्या फ्रीजात रस ठिवता अन् मला उन्हात ठिवता. जावयासमोर मिरवायला माझा जीव घेऊन राहिले!"

मी म्हणालो, माझा शब्द गेलाय. ती म्हणाली, शब्द तुमचा गेला, धूर माझ्या डोळ्यांत काहून? मी म्हणालो, इज्जतीचा सवाल हाय. ती म्हणाली, इज्जतीवर पुरन शिजत न्हाई. त्यानंतर तिनं अंगणात तीन विटा मांडून चूल केली आणि बोलणं बंद केलं. शिला बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती गप्प झाली की मी सगळे सणवार आठवून बघतो, कोणता विसरलो म्हणून.

आणि हे सगळं सोसून फ्रीजही काही धड वागत नव्हता. कधी बर्फ, कधी कोमट. शकुंतलाबाईंचं लेकरू टेकून उभं राहिलं की तो तिरपा व्हायचा आणि आडून बसायचा. मी ऑफिसात बिलं तपासताना मनात बशी बघायचो. प्रेमसिंग रोज विचारायचा, "कसा हाय वाघ?" मी म्हणायचो, "भुकेला हाय."

जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मी सिलिंडर उचलून बघितला. पोकळ लागत होता. उद्या एक तर धोंडे होतील, नाहीतर रस गार होईल. दोन्ही नाही. मी पायरीवर डोकं धरून बसलो. बालाजीरावांना कोमट रस वाढतानाचा प्रसंग डोळ्यांपुढे आला. 'मामा, फ्रीज कुठंय तुमचा?' असं ते विचारणार नाहीत. ते फक्त गालात हसतील, आणि तेच सोसायचं नव्हतं.

इतक्यात शिला चुलीजवळून उठून आली.

"गॅस फ्रीजलाच राहू द्या," ती म्हणाली. किती दिवसांनी बोलत होती! "पुरन, धोंडे, भात, समदं मी चुलीवर करते. जावयासमोर तुमची मान खाली गेलेली मला चालायची न्हाई. तुमी कसे बी असले तरी."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत हिला एक धड साडी आपण होऊन आणली नाही, असं वाटलं. (वाटलं फक्त. आणली अजून नाही.) हिच्या त्यागावर आता कसलीही जोखीम नको, म्हणून मी रसाचं पातेलं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सारलं आणि खटका फिरवून शेवटच्या टोकाला नेला.

दुसऱ्या दिवशी दिपा आणि बालाजीराव जीपमधून आले. पाट मांडले, रांगोळी काढली, दोघांचं पूजन झालं. बालाजीरावांनी आम्ही केलेला नवाकोरा पांढरा शर्ट अंगात घातला. पानात धोंडे, कटाची आमटी, भजी. शिला चुलीच्या धगीनं लालबुंद झाली होती. शकुंतलाबाई वाढायच्या मदतीला, खरं म्हणजे बघायला, आल्या होत्या. बाहेर गल्लीची लाईट नेहमीसारखी गेलेली होती, आणि माझी छाती त्या दिवशी त्याच कारणानं फुगली.

"लाईट गेली, मामा," बालाजीराव सहज म्हणाले.

"जाऊ द्या की. आपलं लाईटीवाचून काय अडतंय?" असं म्हणून मी फ्रीजचं दार उघडलं. थंड वाफ बाहेर आली. दिपा 'अय्या बाबा' म्हणाली. या क्षणासाठी मी भज्यांखालचा जाळ चोरला होता. मी हात घालून पातेलं ओढलं.

पातेलं आलं नाही.

पुन्हा ओढलं. पातेलं कप्प्याला असं धरून बसलं होतं की त्याच्याबरोबर फ्रीजच शहाबादीच्या तुकड्यावरून उतरून माझ्याकडे चालत आला. "धरा धरा!" शिला ओरडली. जेवायला बसलेल्या जावयानं पाटावरून उठू नये, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आमचे जावई उठले, फ्रीजला बाजूनं मिठी मारली आणि म्हणाले, "मामा, आता ओढा!" मी ओढलं. पातेलं सुटलं आणि मी पातेल्यासकट मोरीत जाऊन बसलो.

रसात पळी घातली. पळी वाकली.

"बाबा, हा रस हाय का फरशी?" दिपानं विचारलं.

"बत्ता आन," मी शिलाला म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लक्ष्मी-नारायणासमोर मी मांडी घालून खलबत्त्याच्या बत्त्यानं आमरस फोडायला बसलो. तिसऱ्या घावाला एक टवका उडाला आणि बालाजीरावांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टावर बरोबर छातीला चिकटला.

शकुंतलाबाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला. बालाजीरावांनी तो टवका काढला, बघितला आणि तोंडात टाकला.

"मामा," ते म्हणाले, "ही तर कुल्फी हाय. अन् लाईटीबिगर?"

मग ते खाली वाकले, फ्रीजच्या मागे डोकं घालून ती निळी ज्योत बघितली, बराच वेळ बघितली. परत पाटावर येऊन बसले आणि त्यांनी पानावरचा हात मागे घेतला. शिलानं माझ्याकडे बघितलं. धोंड्याच्या जेवणात जावयानं पानावरचा हात मागे घेतला म्हणजे काय, ते सांगायला नको. मला एकदम मोटारसायकल दिसू लागली.

"बोला, बालाजीराव," मी कसंबसं म्हणालो. "धोंड्यात जावयाला न्हाई म्हनत नसतेत."

"मला ह्यो फ्रीज द्या."

"ह्यो? तुमचं तर फ्रीजचंच दुकान हाय!"

"तेच तर, मामा! दुकानात फ्रीजची रांग उभी हाय, अन् दुपारी लाईट गेली का गिऱ्हाइकाला पाजायला गार पानी न्हाई. लोक हसून राहिले माझ्यावर. माझ्याकडं सिलिंडरं बी हायेत. एवढा द्या."

मी तोंड उघडलं. माझी निळी ज्योत, माझी बशी, माझ्या शब्दाचा हा एकुलता एक पुरावा! काहीतरी आडवं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात शिला म्हणाली, "दिला!"

इतक्या आनंदानं तिनं दिपालाही दिलं नव्हतं.

बालाजीराव खूश होऊन म्हणाले, "मग बदल्यात मी उद्याच दुकानातला नवाकोरा पाठवतो. मोठा, दोन दाराचा. लाईट राहील तवा तर गार करील."

इथेच थांबायला हवं होतं. पण शकुंतलाबाई ऐकत होत्या, दारात आणखी दोघं उभे होते, आणि वडिलांचा फिरकीचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढे होता.

"बालाजीराव," मी मोरीच्या पाण्यानं ओला झालेला, पण ताठ उभा राहिलो, "एकदा सांगितलं ते सांगितलं. लेकीच्या घरचं आमी पानी बी पीत न्हाई!"

शिलानं माझ्याकडे जे बघितलं, तसं तिनं त्या फ्रीजकडेही कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी जीप गेली. फ्रीज गेला. सिलिंडर शेगडीला लागला आणि शिलानं चहा ठेवला, तेव्हा एक उकळी येऊन तो संपला.

पाऊस लांबला होता. काही दिवसांनी समितीच्या कामाला मी नांदेडला गेलो. ऊन असं की सावलीत उभं राहिलं तरी चटके बसावेत. काम आटोपून लेकीला भेटायला दुकानावर गेलो, तर बाहेर ही गर्दी. आत लाईटीविना सगळे फ्रीज कपाटासारखे मुके उभे, आणि मध्ये चौरंगावर, पाटी लावून, हार घालून माझा वाघ! शेजारी दोन भरलेले सिलिंडर. गिऱ्हाइकं गार पाणी पीत होती, 'वा वा' करत होती आणि कूलर घेऊन जात होती.

"मामा, या, बसा!" बालाजीरावांनी गिलास भरला. गिलासाला घाम फुटला होता. "घ्या पानी. तुमच्याच फ्रीजचं हाय."

फ्रीज माझा होता, पण पाणी त्यांच्या घरचं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. वरून दिपा म्हणाली, "घ्या ना, बाबा!" मी त्या गिलासाकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणालो, "तहान न्हाई."

समोरच एक हॉटेल होतं. तिथे जाऊन बाकावर अंग टाकलं आणि मालकाला म्हणालो, "आधी गिलासभर गार पानी द्या."

"गार पाहिजे का? थांबा." तो रिकामा जग घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि भरून परत आला. माझ्या पुढ्यात गिलास ठेवला. घाम फुटलेला.

मी डोळे मिटून एका दमात प्यायलो. दात ठणकले.

"लई भारी फ्रीज हाय त्या दुकानदाराचा," मालक म्हणाला. "गॅसवर चालते. लाईट असो, नसो. कोन्या येड्या सासऱ्यानं धोंड्यात देऊन टाकला म्हनतेत, अन् बदल्यात नवा देत होते तर घेतला बी न्हाई!"

मी आणखी एक गिलास मागितला.